आधी धागा ओळखावा

घरातील सोफा, खुर्च्या आणि त्यांवरील डाग यांविषयी थोडे अनुभवाचे, थोडे शास्त्राचे

दारुण पराभवाला ‘पानिपत’ म्हणण्याची सवय आपल्या मराठी भाषेत अगदी मुरलेली आहे. मुलाला गणितात कमी गुण मिळाले, पोळ्या करपल्या, ठरवलेली सहल पावसाने बुडाली, तरी आपण सहज म्हणून जातो, ‘सगळे पानिपत झाले!’ लग्नानंतर दिल्लीत येऊन स्थायिक झालेल्या माझ्यासारख्या मराठी गृहिणीला मात्र पानिपत हा शब्द निराळ्या रीतीने भेटतो. ते जवळचे एक गाव असते. दिल्लीच्या उत्तरेस सुमारे ९० किलोमीटरवर, राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातच मोडणारे. आणि तेथे माणसे बहुधा पडदे, चादरी, गालिचे आणि सोफ्याचे कापड घ्यायला जातात.

गेल्या वर्षी जानेवारीत आम्ही उभयतां आणि सासूबाई असे तिघे तेथे गेलो, ते दोन कामांसाठी. पहिले काम होते काला अंब पाहण्याचे. माझे सासरे, ज्यांना आम्ही सारे अण्णा म्हणत असू, इतिहासाचे मोठे वाचक. ‘एकदा काला अंबला जाऊन यायचे आहे’ असे ते वर्षानुवर्षे म्हणत राहिले आणि ते राहूनच गेले. दुसरे काम होते त्यांच्या खुर्चीसाठी नवे कापड आणण्याचे. पुण्याहून आणलेली शिसवी हातांची ही खुर्ची अण्णांची ठरलेली जागा होती. तिच्या पाठीच्या वरच्या भागावर, जेथे ते डोके टेकवीत, तेथे तेलाचा काळपट, तुकतुकीत डाग पडला होता. बैठकीचा रंगही मळून गेला होता. अण्णा गेल्यावर ती खुर्ची दिवाणखान्यात तशीच राहिली. पाहुणे येत, तिच्याकडे पाहत आणि दुसरीकडे बसत. कापड बदलून टाकावे, असे मी ठरवले होते. सासूबाई काही बोलल्या नव्हत्या. त्यांचे न बोलणे मला तेव्हा होकार वाटले होते.

काळा आंबा आणि रंगीत गाव

काला अंब शहरापासून सुमारे आठ किलोमीटरवर आहे. लोखंडी कठड्याच्या आत विटांचा एक स्तंभ, भोवती बाग आणि शेते. १४ जानेवारी १७६१ रोजी झालेल्या तिसऱ्या युद्धात सदाशिवरावभाऊ येथेच लढत होते, असे मानले जाते. या जागी एक आम्रवृक्ष होता. रणभूमीत इतके रक्त जिरले, की त्याची पाने आणि फळांचा रसही काळवंडला, अशी आख्यायिका आहे. ते झाड आज नाही. नाव मात्र राहिले आहे. दरवर्षी १४ जानेवारीला महाराष्ट्रातून माणसे मुद्दाम येथे येतात आणि माथा टेकवून जातात. सासूबाईंनी पिशवीतून तिळगुळाची डबी काढली, स्तंभापाशी चिमूटभर तिळगूळ ठेवला आणि त्या बराच वेळ उभ्या राहिल्या.

तेथून शहरात आलो आणि एकदम रंगांच्या गर्दीत सापडलो. १९४७ च्या फाळणीनंतर आजच्या पाकिस्तानातून आलेल्या विणकरांनी या गावात नव्याने माग मांडले. खेस, सतरंज्या, घोंगड्या यांपासून सुरुवात होऊन पुढे पडद्याचे व सोफ्याचे कापड, चादरी, गालिचे असा व्याप वाढत गेला. जुन्या लोकरी कपड्यांपासून पुन्हा सूत काढण्याचा उद्योगही येथे फार मोठ्या प्रमाणावर चालत आला आहे. ही युक्ती मूळची इंग्लंडमधील यॉर्कशायरची. तेथील बॅटली गावात बेंजामिन लॉ यांनी १८१३ च्या सुमारास चिंध्यांपासून लोकर मिळवण्याची रीत काढली. त्या सुताला ‘शॉडी’ म्हणतात. परदेशांतून टाकून दिलेले कपडे गाठोड्यांनी पानिपतला येतात. कामगार बायका त्यांची बटणे, चेन आणि अस्तरे काढून टाकतात, रंगांप्रमाणे ढीग लावतात. लालांत लाल, निळ्यांत निळे. मग यंत्रावर ते पिंजून त्यांचे सूत होते आणि रंग आधीच जुळवलेले असल्याने बरेचदा पुन्हा रंगवावेही लागत नाही. अलीकडे पॉलिएस्टरच्या मऊ ब्लँकेटांनी या लोकरी ब्लँकेटांची बाजारपेठ बरीच खाल्ली आहे. पण टाकलेल्या वस्तूतून उपयोगाची वस्तू काढण्याची या गावाची हातोटी आजही पाहण्यासारखी आहे.

सोफ्याच्या कापडाच्या एका जुन्या दुकानात आम्ही शिरलो. मी खुर्चीचे माप आणि मोबाइलवरचे छायाचित्र दाखवले. वयस्कर दुकानदारांनी ते निरखून पाहिले आणि आपल्या हिंदीत विचारले, ‘कापड फाटले आहे का?’ मी म्हटले, ‘नाही, मळले आहे.’ ते हसले. विणीवरून हे जाड सुती कापड दिसते, असे कापड हल्ली सहज मिळत नाही, फाटले नसेल तर बदलू नका, स्वच्छ करा, असा सल्ला त्यांनी दिला. विक्रेत्याने ग्राहकाला परत पाठवावे, हे मला नवलाचे वाटले. निघताना ते एवढेच म्हणाले, ‘आधी धागा ओळखा, मग पाण्याला हात लावा.’

त्या वाक्याने मी वरमले, कारण त्याच्या उलट वागून मी एक सोफा आधीच बिघडवला होता.

माझी चूक

आमच्या फिक्या रंगाच्या दोन आसनी सोफ्यावर एकदा वरणाची वाटी कलंडली. मी धावत साबणाचे पाणी आणले आणि घासले. पिवळा डाग क्षणात लालभडक झाला! घाबरून मी आणखी घासले, मग बादलीभर पाणी ओतले. दोन दिवसांनी लाल रंग फिका झाला, पण भोवती तपकिरी कडे उमटले, घासलेल्या जागी कापडाची लव उडाली आणि आतल्या फोमला कुबट वास येऊ लागला. एका वाटीच्या डागापायी अख्खी बैठक गेली.

यातली प्रत्येक चूक नंतर मला कळली. हळदीतला पिवळा रंग अल्काच्या, म्हणजे साबण-सोड्यासारख्या पदार्थाच्या संपर्कात लाल होतो. हळदीला चुन्याची जोड देऊन कुंकू करण्याची आपली परंपरागत रीत याच गुणावर आधारलेली आहे. मी सोफ्यावर कुंकू केले होते, एवढेच! अशा वेळी लिंबाचे किंवा व्हिनेगरचे पातळ पाणी लावले, की लाली ओसरून डाग पुन्हा पिवळा होतो. उरलेला पिवळेपणा घालवायला उजेडासारखे औषध नाही. हळदीचा रंग प्रकाशात टिकत नाही. गादी काही दिवस खिडकीशी ठेवली, तरी डाग पुष्कळ फिका पडतो.

तपकिरी कडे पाण्याचे होते. जाड सुती कापडात किंवा तागाच्या अस्तरात पाणी मुरले, की सुकताना ते आतली घाण आणि धाग्यांतील रंगद्रव्ये घेऊन वर येते आणि ओल्याच्या सीमेवर सोडून जाते. आणि कुबट वास फोमचा. चार-पाच इंच जाडीच्या फोममध्ये शिरलेले पाणी बाहेर पडायला कित्येक दिवस लागतात आणि तेवढ्यात बुरशी आपला संसार थाटते.

धागा ओळखावा कसा?

नव्या सोफ्याच्या गादीखाली किंवा कापडाच्या नमुन्यामागे कधीकधी एक छोटी पट्टी असते. तीवर ‘डब्ल्यू’ असेल तर पाण्याने स्वच्छता चालते. ‘एस’ असेल तर पाणी नको, केवळ ड्रायक्लीनिंगचे द्रावक. ‘डब्ल्यू-एस’ म्हणजे दोन्ही चालतात आणि ‘एक्स’ म्हणजे फक्त ब्रश किंवा व्हॅक्यूम क्लीनर.

आपल्याकडील बहुतेक सोफे सुताराकडून किंवा स्थानिक दुकानातून येतात आणि त्यांना अशी पट्टी नसते. तेव्हा सोफा उलटा करून खालच्या शिवणीतून दोन धागे काढावेत. चिमट्यात धरून, खाली पाण्याची ताटली ठेवून, उघड्या जागी काडीने पेटवावेत. कागद जळाल्यासारखा वास आणि मऊ राख, तर सुती, तागी किंवा रेयॉन. केस जळाल्यासारखा वास, तर लोकर किंवा रेशीम. वितळून कडक काळा मणी झाला, तर पॉलिएस्टर किंवा तत्सम कृत्रिम धागा. दोन्ही लक्षणे दिसली, तर मिश्र कापड. (हा प्रयोग सोफ्यापासून दूर, मोरीत किंवा गच्चीवर करावा, हे सांगणे नलगे.)

सुती कापड पाणी शोषते आणि आटण्याची भीती असते. लोकर आणि रेशीम यांना गरम पाणी, जोराचे घासणे आणि क्लोरीनचे ब्लीच हे तिन्ही वर्ज्य. अशा ब्लीचमध्ये लोकर अक्षरशः विरघळते. पॉलिएस्टर पाण्याला दाद देत नाही, पण तेल मात्र घट्ट धरून ठेवते. म्हणूनच एकाचा उपाय दुसऱ्याला अपाय ठरतो.

दुसरी परीक्षा रंगाची. लपलेल्या कोपऱ्यात, जे वापरणार त्याचा एक थेंब टाकावा, पांढरे फडके दाबून धरावे आणि वाळेपर्यंत थांबावे. फडक्यावर रंग उतरला, तर तेथेच हात आवरावा आणि काम जाणकाराकडे सोपवावे.

आणि एक गैरसमज. गादीच्या खोळीला चेन असते, म्हणजे ती काढून धुवायचीच असते, असे नाही. ती चेन बहुधा कारागिराने गादी भरण्यासाठी ठेवलेली असते. धुऊन आटलेली खोळ पुन्हा चढवताना किती घरांत पती-पत्नींमध्ये अबोला झाला असेल, कोण जाणे!

आधी कोरडे, मग ओले

सोफ्यावर जी कळा येते, तिचा मोठा भाग कोरड्या धुळीचा असतो. उत्तर भारतात मे-जूनच्या आंधीत खिडक्या लावूनही घर मातीने माखते. तिच्यावर पाणी घालणे म्हणजे चिखल करणे. म्हणून प्रथम व्हॅक्यूम क्लीनर फिरवावा, शिवणींतून आणि गाद्यांच्या खाचांतून नेमाने. तो नसेल तर एक घरगुती उपाय आहे. पातळ सुती पंचा ओला करून घट्ट पिळावा, गादीवर पसरावा आणि वरून काठीने हलके झोडपावे. उडणारी धूळ पंचालाच चिकटते. पंचा काढून पाहा, आपण कशावर बसत होतो ते कळेल.

मखमलीसारखे लव असलेले कापड नेहमी लवेच्या दिशेने झाडावे. वासासाठी खाण्याचा सोडा भुरभुरून काही तास ठेवावा आणि मग झाडून घ्यावा. सोडा आणि व्हिनेगर एकत्र केल्यास फेस छान दिसतो, पण दोघे एकमेकांचे बळ मारतात. फेसाच्या देखाव्याला भुलू नये.

डाग टिपावा, घासू नये

पूर्वी बँकेत शाईच्या सहीवर टिपकागद ठेवीत, तो आठवा. कागद दाबला जाई, फिरवला जात नसे. सोफ्यावर काही सांडले, तर नेमके तेच करावे. पांढरे, कोरडे फडके दाबावे, उचलावे, जागा बदलून पुन्हा दाबावे. द्रावण फडक्यावर घ्यावे, सोफ्यावर ओतू नये. कडेकडून मध्याकडे यावे, म्हणजे डाग पसरत नाही. पहिल्या पाच मिनिटांत एवढे केले, तर अर्ध्याहून अधिक काम फत्ते होते. वेळेवर भरलेल्या हप्त्यासारखेच हे आहे. उशीर झाला, की व्याज वाढते.

पुढील उपाय पाणी चालणाऱ्या कापडांसाठी आहेत.

चहा-कॉफी : आपला चहा दुधाचा, म्हणजे त्यात वनस्पतीचा तुरट रंग आणि दूध असे दोन डाग असतात. दुधाला गरम पाणी लागले, की ते धाग्यावर शिजून बसते. म्हणून प्रथम गार पाणी, मग सौम्य द्रव साबणाचे पातळ पाणी, शेवटी एक भाग पांढरे व्हिनेगर आणि तीन-चार भाग पाणी.

रक्त, अंडे, दूध : केवळ गार पाणी, पुन्हा पुन्हा टिपत. गरम पाणी कधीही नाही.

तेल-तूप : ओले काही लावण्याआधी कॉर्नफ्लोअर किंवा टाल्कम पावडर दाबून बसवावी, तासाभराने झाडावी, पुन्हा लावावी. गडद कापडावर मुलतानी मातीही चालते. लोकरीतले तेल शोषण्यासाठी अशी माती वापरण्याची रीत जगभर फार जुनी आहे. उरलेला डाग साबणाच्या फेसाने काढावा.

आमरस : गर चमच्याने खरवडून उचलावा, गार पाण्याने टिपावा, मग साबणाचा फेस. राहिलेली पिवळी छटा उजेडावर सोपवावी.

बॉलपेनची शाई : सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने टिपावे, दर वेळी कापूस नवा घ्यावा. जवळ ज्योत नसावी, खिडक्या उघड्या असाव्यात. सोफ्यावर पेट्रोल किंवा रॉकेल वापरण्याचे धाडस कोणीही करू नये.

मेण किंवा च्युइंगगम : प्लॅस्टिकच्या पिशवीत बर्फ घेऊन वर ठेवावा. कडक झाल्यावर अलगद सोलावे.

आणि एक इशारा जिवावरचा. ब्लीचमध्ये व्हिनेगर, आम्लयुक्त क्लीनर किंवा अमोनिया कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतात.

कळा काढण्याची रीत

डाग नसून सगळाच सोफा मळकट दिसत असेल, तर केवळ फेसाने स्वच्छ करावा. एक भाग सौम्य द्रव साबण आणि चार भाग कोमट पाणी रवीने किंवा बीटरने घुसळावे. वर येणारा घट्ट फेसच तेवढा स्पंजने उचलावा, खालचे पाणी नको. एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंतचा पूर्ण भाग एकदम घ्यावा. मध्येच थांबल्यास तेथे कडे उमटते. हलक्या हाताने फेस फिरवून, साध्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने दोन-तीनदा पुसावे. साबणाचा अंश राहिला, तर तो चिकट होऊन नवी धूळ धरतो आणि सोफा पूर्वीपेक्षा लवकर मळतो. नंतर पंखा लावून, गाद्या उभ्या ठेवून, पूर्ण वाळेपर्यंत कोणासही बसू देऊ नये. रंगीत कापड कडक उन्हात न ठेवता हवेशीर सावलीत वाळवावे.

दिवसाची निवडही महत्त्वाची. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात हे काम काढू नये. पाऊस सरल्यावरची, दिवाळीआधीची कोरडी हवा उत्तम. दिल्लीकडे मार्च-एप्रिल अथवा ऑक्टोबर सोयीचा.

डोक्याखालचा रुमाल

खुर्चीच्या पाठीवर डोक्याच्या तेलाचा डाग पडणे ही काही आपल्याच देशाची तक्रार नव्हे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये पुरुष ‘मकासर’ नावाचे तेल केसांना चोपडीत. मकासर हे आजच्या इंडोनेशियातील सुलावेसी बेटावरचे बंदर. त्या तेलाने खुर्च्या खराब होत, म्हणून गृहिणी पाठीवर विणलेले रुमाल घालू लागल्या आणि त्या रुमालांना नावच पडले ‘अँटीमकासर’, म्हणजे मकासरविरोधी! आपल्या आई-आज्यांनी सोफ्यांच्या पाठींवर घातलेले क्रोशाचे रुमाल त्याच कुळातले. हल्ली ते जुनाट वाटतात, पण रुमाल धुणे सोफा धुण्यापेक्षा केव्हाही सोपे.

पानिपतहून परतल्यावर मार्चमधल्या एका रविवारी मी अण्णांच्या खुर्चीला हात घातला. खालून धागा काढून पाहिला. दुकानदार बरोबर होते, कापड सुतीच निघाले. तीन दिवस रोज कॉर्नफ्लोअर दाबून ठेवले आणि झाडले. दर वेळी ते पिवळट होऊन निघे. मग फेस, मग ओले फडके, मग पंखा. वर्षानुवर्षांची कळा उतरत गेली आणि कापडावरची बारीक पानाफुलांची वीण वर आली. घरातल्या कोणालाच ती आठवत नव्हती.

पाठीवरचा डाग मात्र पूर्ण गेला नाही. फिकट, तळहाताएवढी सावली राहिली. मी आणखी एकदा फेस घेऊन निघाले, तेव्हा सासूबाईंनी माझा हात धरला. ‘राहू दे गं तेवढा,’ त्या म्हणाल्या. कापड बदलण्याविषयी त्या गप्प का राहिल्या होत्या, ते मला तेव्हा उमगले.

मी स्पंज बादलीत टाकला. संध्याकाळी त्यांनी कपाटातून आपल्या हातचा क्रोशाचा जुना रुमाल काढला, त्या सावलीवर नीट घातला आणि कितीतरी महिन्यांनी कोणीतरी त्या खुर्चीत बसले.